छायाचित्रांचे संपादन आणि एक न वाचलेला अंक

चाळीतला कांदा बरा भाव देऊन गेला की त्या वर्षी आमच्या महाविद्यालयात दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गळ्यात कॅमेरे दिसू लागतात. बहुधा वापरलेले, नाशिकहून किंवा मालेगावहून कुणाच्या ओळखीने आणलेले. मग रेणुकामातेच्या मंदिराच्या पायऱ्या, चंद्रेश्वराच्या डोंगरावरून दिसणारे चांदवड, रंगमहालाचा दरवाजा, पावसाळ्यात इंद्राईवर उतरलेले ढग ही चित्रे यथाक्रम काढून होतात आणि आठवडाभरात आमच्यासमोर प्रश्न येतो, "सर, मॅडम, फोटो एडिट करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचे नाते टंकलेखनापुरते आणि परीक्षेच्या गुणयाद्यांपुरते. तरीही प्रश्न आमच्याकडे येतो, कारण २००६ सालापासून एक डिजिटल कॅमेरा खांद्याला लावून आम्ही तालुक्यातल्या बारवा, वीरगळ, पडके वाडे पालथे घालत आलो आहोत आणि हे वेड गावात सर्वांना ठाऊक आहे. प्रश्नाचे तयार उत्तर बसस्थानकाजवळच्या कुठल्याही स्टुडिओत मिळते. "फोटोशॉप टाकून घे, त्यात सगळं होतं." त्या 'टाकून घे'मध्ये विकत घेणे अभिप्रेत नसते हे सांगायला नकोच. आम्हांला मात्र हे उत्तर देताना हल्ली जीभ अडखळते. 'सगळं होतं' हीच आमच्या मते त्या उत्तरातली अडचण आहे.

एडिटिंग या शब्दाला आपण मराठीत 'संपादन' म्हणतो आणि पुढे जातो. वास्तविक हा शब्द आमच्या घरचा. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेताना पाठचिकित्सा हा विषय आम्ही कंटाळत का होईना अभ्यासला होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. मधल्या काळात नकलाकारांनी, कीर्तनकारांनी, भाविक वाचकांनी आपापल्या परीने त्यात काही घातले होते, काही गाळले होते. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. शुद्धीकरण संपल्यावर नाथांनी पुढच्या लोकांना बजावून ठेवले की यात आता आपल्या पदरची ओवी कुणी घालू नये. संपादक आणि प्रक्षेपकार यांच्यामधली ही रेघ मराठी वाङ्मयाने इतक्या जुन्या काळी ओढली आहे. वर्गात हे सगळे आम्ही तन्मयतेने शिकवत असू आणि घरी येऊन कॅमेऱ्यातल्या चित्रांबाबत नेमके त्याच्या उलट वागत असू.

ती चूक आमची आहे, म्हणून ती आम्हीच सांगतो. तालुक्यातल्या एका खेड्याच्या शिवारात लहानशी बारव आहे. तिच्या आतल्या कोनाड्यावर चार ओळींचा देवनागरी शिलालेख. अक्षरे झिजलेली, वर शेवाळाचे आणि पांढऱ्या बुरशीचे ठिपके. २००८ सालच्या मार्चमध्ये आम्ही त्याचे एक छायाचित्र काढले. एकच, कारण बॅटरी संपत आली होती. घरी येऊन ते संगणकावर उघडले तेव्हा ठिपके डोळ्यांना खुपू लागले. तेव्हा नुकतेच क्लोन नावाचे हत्यार हाती आले होते. बाजूचा स्वच्छ दगड उचलायचा आणि डागावर ठेवायचा. पाऊण तास खपून आम्ही दगड असा काही घासूनपुसून लख्ख केला की बारव कालच बांधली असावी. मग कडा धारदार केल्या, काळे अधिक काळे केले आणि 'सेव्ह' म्हटले. त्याच नावाने, त्याच फाईलवर. कॅमेऱ्यातले कार्ड पुढच्या सहलीसाठी आधीच रिकामे केलेले होते. ते चित्र कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागले आणि त्याचे कौतुकही झाले.

पाच-सहा वर्षांनी इतिहास विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारले, "शके १६९ पुढे काय आहे? एक की नऊ?" शके १६९१ असेल तर इसवी सन १७६९-७०, म्हणजे अहिल्याबाईंच्या कारभाराची अगदी सुरुवात. १६९९ असेल तर १७७७-७८. संवत्सराचे नाव असलेला दगडाचा कोपरा पूर्वीच फुटलेला, त्यामुळे ताडून पाहायची सोय नाही. देवनागरीतले १ आणि ९ झिजले की भावंडांसारखे दिसतात. फरक असतो तो गाठ कोणत्या बाजूला वळते एवढाच. आणि त्या गाठीच्या जागी आमच्या चित्रात होता शेजारून उचलून ठेवलेला, सुरेख, निर्विकार दगड. तिथे बुरशीचा ठिपका होता की कोरीव रेषा होती हे आम्हांला आता शपथेवरही सांगता येणार नाही. आम्ही लगबगीने बारवेवर गेलो. गावाने वर्गणी काढून बारवेची डागडुजी केली होती आणि कोनाड्याला हिरवा ऑइल पेंट दिला होता, दोन हात. गावकऱ्यांना दोष देण्याची हिंमत आमच्यात नव्हती. त्यांनी रंगाने जे केले ते आम्ही माउसने त्यांच्याआधी करून बसलो होतो.

तेव्हापासून सॉफ्टवेअर निवडताना आमची पहिली कसोटी एकच. ते मूळ प्रतीला हात लावते का?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टाइपात नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आहे त्याच्या खुणांसह. संपादकांचा निर्णय तुम्हांला पटला नाही तर तो उलटवण्याचे साहित्य त्यांनीच त्या पानावर ठेवलेले असते. याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वीकारलेल्या पाठातही जिथे खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. 'हे आम्ही छापले आहे, पण इथे आमची खात्री कमी आहे' असे वाचकाला सांगणारी ती रेघ.

छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरांतही हाच भेद आहे, फक्त दुकानदार तो सांगत नाहीत. एक प्रकार चित्राचे ठिपकेच बदलतो. 'सेव्ह' केले की जुने गेले, आणि चित्र जेपेग असेल तर प्रत्येक नव्या जतनाबरोबर थोडी अधिक माहिती गळते. दुसरा प्रकार मूळ फाईल जशीच्या तशी ठेवतो आणि तुम्ही काय काय केले त्याची टिपणी वेगळी लिहितो. उजेड इतका वाढवला, इथून इथपर्यंत कापले, निळा उतरवला. दाखवताना दोन्ही एकत्र करून दाखवतो. टिपणी पुसली की मूळ पाठ पुन्हा समोर. डार्कटेबल नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर ही टिपणी मूळ चित्राशेजारी एका छोट्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते. प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला ती चिकित्सक आवृत्तीची तळटीपच वाटली. ॲडोबीचे २००७ साली आलेले लाइटरूमही तत्त्वतः असेच वागते.

इथे आमचे विद्यार्थी शंका काढतात, आणि ती रास्त आहे. 'मूळ' म्हणजे काय? कॅमेऱ्यातून निघालेले जेपेग हे तरी मूळ कुठे आहे? बरोबर. ते कॅमेऱ्यातल्या छोट्या संगणकाने आधीच संपादित केलेले असते. रंग किती गडद, कडा किती तीक्ष्ण, कुठली माहिती टाकून द्यायची हे सारे त्या कंपनीच्या अभियंत्यांनी तुमच्यावतीने ठरवलेले. मुद्रितशोधकाने परस्पर दुरुस्त्या केलेल्या छापील प्रतीसारखे ते आहे. हस्तलिखित हवे असेल तर 'रॉ' नावाची फाईल ठेवावी लागते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये कॅमेऱ्यानुसार ४,०९६ किंवा १६,३८४. ही पोपटपंची वाटेल, पण रंगमहालात दुपारी बारा वाजता उभे राहिले की तिचा अर्थ कळतो. चौकात डोळे दिपवणारे ऊन आणि आत काळसर लाकडी खांबांवरची नक्षी. जेपेगमध्ये एक तर चौक पांढरा फटक होतो किंवा खांब कोळसा होतात. रॉमध्ये त्या कोळशातून वेलबुट्टी पुन्हा वर काढता येते, कारण ती तिथे नोंदलेली असते. जे नोंदलेले आहे ते दिसते करणे हे संपादन. ज्ञानेश्वरांच्या हातची पोथी जशी आपल्याकडे नाही, तसे निखळ, कुणाचाच हात न लागलेले छायाचित्रही नाही. पण म्हणून सर्व प्रती सारख्याच, असे कुठल्याही पाठचिकित्सकाने कधी म्हटलेले नाही.

दुसरी कसोटी मालकीची. आमच्या पिढीने पिकासावर पोटच्या पोरासारखे प्रेम केले. फुकट, सोपे, मूळ चित्राशी सहसा सभ्यपणे वागणारे. गूगलने ते २००४ साली घेतले आणि २०१६ साली बंद केले. ॲपलचे ॲपर्चर २००५ साली आले, २०१५ साली विक्रीतून गेले. चित्रे राहिली, पण त्यांवर केलेल्या कामाच्या टिपण्या दुसऱ्या कुणाला वाचता येईनात. मोडी वाचणारे माणूस गेल्यावर घरातल्या दप्तराचे जे होते तेच. फोटोशॉपची गोष्ट वेगळी. नोल बंधूंनी रचलेले हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले आणि आज मराठीत ते क्रियापद झाले आहे. त्याच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. पण एकदा पैसे मोजून कायमचे घरी आणता येईल अशी त्याची शेवटची आवृत्ती २०१२ सालची. २०१३ पासून ते भाड्याने मिळते. शेतकऱ्याच्या घरात ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी पहिला खर्च कोणता बंद होतो हे चांदवडमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. लग्नसराईत अल्बम करून पोट भरणाऱ्याने ते भाडे अवश्य द्यावे, ते त्याच्या धंद्याचे अवजार आहे. हौशी माणसाने हौस भाड्याच्या घरात ठेवू नये, असे आमचे मत आहे. आणि चोरून आणलेल्या प्रतीबद्दल एवढेच म्हणतो की वाङ्मयचौर्यावर व्याख्यान देणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती वापरणे शोभत नाही. आम्हीही ती वापरली होती. आता वापरत नाही.

मग उरते काय? आमचे उत्तर पुष्कळांना बेचव वाटते. पहिले वर्षभर कॅमेऱ्याच्या कंपनीनेच दिलेले सॉफ्टवेअर वापरावे. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ. दोन्ही विनामूल्य आहेत, आपापल्या कॅमेऱ्याची रॉ फाईल नीट वाचतात आणि फारसे चाळे करू देत नाहीत. चाळे करू न देणे हा शिकाऊ माणसासाठी गुणच मानावा. त्यानंतर डार्कटेबल, आणि जिथे ठिपक्यांवर काम करणे भागच आहे तिथे गिंप. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर १९९६ सालापासून सर्वांना खुले आहे. त्याची एक खोड विद्यार्थ्यांना फार त्रास देते. २०१२ सालच्या आवृत्तीपासून त्यात 'सेव्ह' म्हटले की जेपेगवर जतन होतच नाही. काम त्याच्या स्वतःच्या निराळ्या फाईलमध्ये जाते आणि जेपेग हवे तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. "किती डोक्याला ताप, मॅडम!" असे एक मुलगी म्हणाली. आम्ही तिला बारवेची गोष्ट सांगितली. हा ताप २००८ साली आमच्या डोक्याला झाला असता तर तो अंक आज आमच्याजवळ असता.

डार्कटेबल अवघड आहे हे मान्य. पहिल्या दिवशी त्यातली बटणे पाहून आमच्यापैकी एकाने संगणकच बंद केला होता. भ्रमणध्वनीवरचे स्नॅपसीड बोट फिरवताच जे करते त्याला इथे संध्याकाळ जाते. पण जो मुलगा उन्हाची एक चौकट मिळावी म्हणून पहाटे चारला उठून डोंगर चढतो, त्याला ही संध्याकाळ जड का व्हावी?

एवढे वाचून आम्हांला सोवळे समजण्याचा संभव आहे. तसे नाही. ज्याच्या त्याच्या घरी भिंतीवर आजोबांचा एक फोटो असतो. बारकाईने पाहिले तर लक्षात येते की त्यांचा कोट चित्रकाराने रंगवलेला आहे. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केलेला, त्याखाली स्टुडिओतला तयार कोट, डोक्यावर फेटा, कधी न उघडणाऱ्या डोळ्यांत पांढऱ्या रंगाचा एक एक ठिपका. हे खोटे आहे का? आमच्या घरच्या अशा एका फोटोसमोर आम्ही अजून उदबत्ती लावतो. तो फोटो पुरावा म्हणून कुणी लावलेला नाही. दारिद्र्याने माणसाला जे दिले नाही ते मुलांनी त्याच्या मागे रंगाने दिले, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते, आणि काही काळ पुरातत्त्व खात्यातही. वाटाण्याचे रोप उगवताना दाखवायला त्यांनी एकेक चौकट धीराने टिपली. पुढे १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये भरपूर छायाचित्रणाच्या युक्त्या योजल्या. दोन्हीत कॅमेरा तोच, माणूस तोच. एक निसर्गाची नोंद, दुसरे उघड नाटक, आणि कोणत्या वेळी आपण काय पाहत आहोत हे प्रेक्षकाला कळत होते. याउलट १९८२ सालच्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा गहजब झाला, कारण तो अंक लोक भूगोल म्हणून वाचत होते. रेणुकामातेच्या कमानीमागे इंद्राई आणून ठेवणारे एक चित्र आमच्या विद्यार्थ्याने स्पर्धेला पाठवले होते. सुंदर होते. लग्नपत्रिकेवर चालले असते.

म्हणजे हत्यारापेक्षा चित्र काय म्हणून दाखवले जाते याला महत्त्व आहे, असे कुणी म्हणेल. आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. अलीकडे एका प्रसंगाने आम्हांला पुन्हा हत्याराकडे वळवले.

गेल्या वर्षी बारवेच्या त्या चित्राविषयी ऐकून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मला द्या. एआयवर टाकतो, अक्षरं क्लिअर होतील." आम्ही दिले. खरे सांगायचे तर पोटात आशा होती. दोन मिनिटांत त्याने पडदा आमच्याकडे वळवला. चारही ओळी ठसठशीत, आणि शके १६९ च्या पुढे, जिथे आमचा कोरा दगड होता तिथे, एक देखणा ९. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या टिपणाची पहिली ओळ मनात तयारसुद्धा झाली होती. मग आमच्यापैकी एकीने तो अंक मोठा करून पाहिला. गाठ गुळगुळीत, शेपटी डौलदार, रेषेची जाडी सगळीकडे सारखी. हुबेहूब आजच्या पाठ्यपुस्तकातला ९. छिन्नीने खडकात खोदणाऱ्या अठराव्या शतकातल्या माणसाचा हात असा वळत नाही, शेजारचे ६ आणि ९ तसे नव्हतेच. त्या यंत्राने दगडातले काही वाचले नव्हते. वाचण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते. अशा जागी बहुधा काय असते याचा अंदाज करून त्याने तो कोरला होता, आणि अंदाजाखाली नागमोडी रेघ ओढलेली नव्हती.

२०२३ सालापासून अशी सोय फोटोशॉपमध्येही बसवलेली मिळते. रिकामी जागा निवडा, हवे ते लिहा, भरून येईल. पूर्वी प्रक्षेप करायला निदान प्रक्षेपकार लागत असे, त्याला छंद यावा लागे, रात्र जागावी लागे. आता ठिपके काढण्याच्या साध्या बटणामागेही प्रक्षेपकार बसलेला असू शकतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आज कुणी सॉफ्टवेअर विचारले तर आम्ही उलट विचारतो की ते तुझ्या नकळत काय घालते, आणि घातलेले परत काढता येते का?

त्या विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागला. "पण नऊच असेल तर, सर?" असेलही. असेल तरी तो त्या दगडाचा नऊ नव्हे. त्याने पुढे गिंप आणि डार्कटेबल दोन्ही उतरवून घेतले. पावसाळ्यानंतर वडाळीभोईच्या दिशेला एक दुसरी, अजून न रंगवलेली बारव त्याला सापडली आहे. तिथल्या लेखाची त्याने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिरप्या उजेडात मिळून एकूण चाळीस चित्रे काढली, सगळी रॉ, आणि आमच्या सांगण्यावरून दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवली. एकही ठिपका पुसलेला नाही. चित्रे दिसायला अगदी ओंगळ आहेत.

आमच्या टिपणात मात्र शके १६९ च्या पुढे अजून प्रश्नचिन्हच आहे. हिरवा रंग उतरवता येईल का, हे आम्ही एका जाणत्या माणसाला विचारून ठेवले आहे.